अप्पा शहरात गाडी चालवतात

ग्रंथपालांनी आयुष्यात एकदाच कुणाला तरी शिकवायला घेतलं, आणि ती शिकवणी इतकी फळाला आली की शेवटी त्यांच्यावरच वर्गात जाऊन बसायची वेळ आली. विद्यार्थी त्यांचे सख्खे वडील होते. विषय होता शहरातल्या रस्त्यावर गाडी कशी चालवावी. एरवी वडिलांना काही शिकवायची संधी मुलाला मिळतेच कुठे? ती पन्नाशीत का होईना मिळाली म्हणून ग्रंथपाल मनातून खूश होते, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

वडील म्हणजे अप्पा. गावाकडे उभा जन्म दातांचे डॉक्टर. गावातल्या निम्म्याहून जास्त तोंडांत त्यांचा हात जाऊन आलेला. बाजारात कुणी हसलं की हसणारा कोण हे अप्पांना नंतर कळे, आधी वरची डावी दाढ ओळखू येई. दीड वर्षापूर्वी ग्रंथपालांची आई गेली, आणि काही महिन्यांनी 'आता तिथे एकटे राहू नका' असं म्हणून ग्रंथपालांनी अप्पांना शहरात आपल्याकडे आणलं. अप्पांनी दवाखाना एका तरुण डॉक्टरला दिला, दोन बॅगा भरल्या आणि मुलाच्या घरातल्या खिडकीजवळच्या खुर्चीत येऊन बसले. पुढचे काही महिने ते तिथून फारसे उठलेच नाहीत.

मग एक दिवस त्यांनी खिडकीतून खाली बघत विचारलं, "छोट्या, तुझी गाडी दिवसभर उभीच असते का रे?"

छोट्या म्हणजे ग्रंथपाल. केस पांढरे झाले, चष्म्याचा नंबर दोनदा वाढला, कॉलेजातले प्राध्यापकसुद्धा त्यांच्या टेबलाशी आवाज खाली घेऊन बोलत, पण घरात ते छोट्याच राहिले होते. ते कॉलेजला स्कूटरवर जात आणि गाडी रविवारपुरती बाहेर काढत.

"हो अप्पा."

"बॅटरी उतरेल अशानं. मी सकाळी एक चक्कर मारून आणत जाईन."

ग्रंथपालांना हायसं वाटलं. अप्पा खुर्चीतून उठताहेत हीच मोठी गोष्ट होती. काळजी एवढीच होती की अप्पांना गावातल्या रस्त्याची सवय.

गावातला रस्ता म्हणजे काय चीज आहे हे शहरातल्या माणसाला समजावणं अवघड. गावातल्या गाड्यांना हॉर्न होता, पण तो पाहुण्यांसाठी कपाटात ठेवलेल्या कपबश्यांसारखा, निघायचा क्वचित. हॉर्न मारणं म्हणजे समोरच्याच्या अंगावर खेकसणं. दोघेजण रस्त्याच्या मधोमध गाड्या थांबवून बोलत असतील, तर तिसऱ्याने मागे गाडी बंद करून त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबायचं, आणि विषय चांगला असला तर खाली उतरून त्यात भाग घ्यायचा. वाट देणाऱ्याला हात वर करून दाद द्यायची, ती न देणाऱ्याच्या घरच्यांची चौकशी होई की बाबा, बरं आहे ना सगळं? आणि डॉक्टरांची गाडी दिसली की मग तर विचारायलाच नको. ज्याच्यापुढे उद्या आ करून बसायचं आहे, त्याला आज आडवं कोण जाईल?

शहरात याच्या अगदी उलट. इथे वाट देणं हा दुबळेपणा समजला जातो आणि हात वर केला तर मागच्याला वाटतं, हा मदतीसाठी बोलावतोय, चला, लवकर सटकू या. सिग्नलला तीन रंग असतात ही इथली एक जुनी अफवा आहे. पिवळा दिवा म्हणजे 'पळा' असा इथे सर्वांचा समज, आणि लाल दिव्याचे पहिले काही क्षण पिवळ्यातच धरायचे असा अलिखित करार. या सगळ्या गोंधळात आपले ग्रंथपाल मात्र गाडी चालवत ती वाचनालयात चालल्यासारखी. त्यांनी आजवर हॉर्न पूर्ण दाबलेला नव्हता. कॉलेजच्या सौजन्य सप्ताहात वाटलेलं 'आधी तुम्ही' असं लिहिलेलं स्टिकर अख्ख्या स्टाफपैकी फक्त त्यांनी मागच्या काचेवर लावलं होतं. सोसायटीत ते त्याच गाडीमुळे ओळखले जात, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

पहिल्या धड्याला अप्पा चालवायला आणि ग्रंथपाल शेजारी. कोपऱ्यावरच्या गोल चौकात अप्पांनी उजवीकडून आलेल्याला वाट दिली. मग त्याच्या मागच्याला दिली. मग डावीकडच्यांना वाईट वाटू नये म्हणून त्यांनाही दिली. चौकात गाड्या येत राहिल्या आणि अप्पा हसून हात दाखवत राहिले. मागे रांग लागली. ग्रंथपाल म्हणाले, "अप्पा, थोडं पुढे घ्या, नाक घुसवल्याशिवाय इथे कुणी जाऊ देत नाही." अप्पा म्हणाले, "अरे पण ती बाई येतेय ना, तिला आधी जाऊ दे."

तेवढ्यात मागच्या टेम्पोने असा काही हॉर्न दाबला की दुकानदार बाहेर आले. टेम्पोवाला शेजारून गाडी घालत खिडकीतून ओरडला, "ए शहाण्या! हलव ती गाडी! रस्त्यात बिऱ्हाड थाटलंस का?"

अप्पांचे कान लाल झाले. ग्रंथपाल स्वतःला दोष देऊ लागले. ज्या माणसाला कलेक्टरपासून भंगारवाल्यापर्यंत सगळे 'डॉक्टरसाहेब' म्हणत आले, त्याला आपल्यामुळे या वयात अरे-तुरे ऐकून घ्यावं लागलं.

लिफ्टमध्ये अप्पांनी विचारलं, "तो टेम्पोवाला काय म्हणाला रे?"

"जाऊ द्या हो अप्पा. मनाला लावून घेऊ नका."

"नाही, नीट सांग. शहाण्या म्हणाला?"

"हो... म्हणाला."

"मला?" अप्पांनी लिफ्टच्या आरशात स्वतःकडे बघितलं. "मलाच म्हणाला ना? नक्की?"

ग्रंथपालांनी मान खाली घातली. घरात जाऊन त्यांनी बायकोला हळूच सांगितलं की आज अप्पा फार दुखावले गेलेत, रात्री त्यांच्याशी जपून बोल. बायको म्हणाली, "दुखावलेत? मला तर विचारत होते, उद्या किती वाजता निघायचं."

पुढचे धडे विद्यार्थ्याने असे काही गिळले की गुरूची दमछाक झाली. नाक कसं घुसवायचं, समोरच्याशी नजरानजर कशी टाळायची, रांग सोडून रिक्षाच्या मागोमाग कसं निसटायचं, हे ग्रंथपालांनी नुसतं सांगितलं होतं, करून कधी पाहिलं नव्हतं. अप्पांनी ते करून दाखवलं. नाजूक जागी बारीक अवजार घालायची त्या हातांना सवयच होती. दोन गाड्यांच्या मधे जिथे आपल्याला फट दिसते तिथे अप्पांना हमरस्ता दिसे. शेवटच्या धड्याला तर ग्रंथपाल डोळे मिटूनच बसले आणि घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं की अप्पा, आता तुम्हाला माझी गरज नाही. ती त्यांनी मोठीच चूक केली.

तक्रारी यायला सुरुवात झाली ती खालच्या मजल्यापासून. तिथे सोसायटीचे सेक्रेटरी राहत. पार्किंग हा त्यांच्या आयुष्याचा विषय होता. ते ग्रंथपालांना जिन्यात गाठून म्हणाले, "काल तुमची गाडी मला डावीकडून मागे टाकून गेली."

"माझी? शक्यच नाही."

"मागे 'आधी तुम्ही' लिहिलं होतं. आणि साहेब, मला डावीकडून मागे टाकलंत त्याचं काही नाही. पण वर खिडकीतून हात काढून काय केलंत ते मी मिसेसना सांगू शकलो नाही."

मग कॉलेजचे प्राचार्य. त्यांनी केबिनमध्ये बोलावून आधी पाणी दिलं आणि मग घरी काही ताण आहे का असं विचारलं. सकाळी पुलावर त्यांच्या गाडीला ग्रंथपालांच्या गाडीने कट मारला होता आणि 'आधी तुम्ही' ही अक्षरं हां हां म्हणता दिसेनाशी झाली होती. प्राचार्य म्हणाले, "आमच्या मनात तुमच्याबद्दल एक प्रतिमा होती." ग्रंथपालांनी खुलासा करायला तोंड उघडलं, पण 'तो मी नव्हतो, माझे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील होते' हे वाक्य त्यांच्या स्वतःच्याच कानांना इतकं लाजिरवाणं वाटलं की ते नुसतेच पाणी पिऊन परत आले.

आता शेजाऱ्यांचे सल्ले. माणूस अडचणीत सापडला की सल्ले कसे आपण होऊन चालत येतात. समोरच्या काकू म्हणाल्या, किल्ली लपवा. किल्ली लपवली, तर अप्पा म्हणाले, "छोट्या, दुसरी किल्ली आहे ना, ती कपाटात वरच्या खणात असते." बायकोच्या भावाने फोनवरून सल्ला दिला, पेट्रोल काढून ठेवा. पेट्रोल काढताना निम्मं ग्रंथपालांच्या विजारीवर सांडलं, अप्पा डबा घेऊन पंपावर चालत गेले आणि टाकी काठोकाठ भरून आले, वर म्हणाले, "तुझी गाडी फार पिते रे." सेक्रेटरींनी बॅटरीची तार सैल करायला सुचवलं. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्याच्या जबड्यातला हलता दात चाचपून ओळखला, त्याला सैल तार सापडायला किती वेळ लागणार! ती अप्पांनी घट्ट केलीच, आणि शेजारीच उभ्या असलेल्या सेक्रेटरींच्या गाडीची पण एक घट्ट करून दिली. रविवारी ग्रंथपाल बायकोला घेऊन बाहेर पडले तेव्हा चौकातल्या हवालदाराने त्यांना बघून आपणहोऊन शिट्टी वाजवली. काही केलं नव्हतं. नुसतं गाडी बघून वाजवली.

"अहो, एकदा स्पष्ट बोला ना अप्पांशी," बायको म्हणाली.

"काय बोलू? हळू चालवा म्हटलं की 'बरं' म्हणतात."

"मग?"

"मग तसंच चालवतात."

त्यानंतर वाहतूक शाखेचं बोलावणं आलं. खिडकीमागच्या कारकुनाने संगणकावर एक फोटो उघडून पडदा त्यांच्याकडे फिरवला. गाडी त्यांची, नंबर त्यांचा, दिवा लाल. काच चमकल्यामुळे चालवणाऱ्याचा चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते फक्त दात. वरची रांग, खालची रांग, सगळे स्वच्छ आणि सगळे एकाच वेळी. आई गेल्यापासून अप्पा असे हसल्याचं ग्रंथपालांना आठवत नव्हतं. पण त्या क्षणी रागाने त्यांचं डोकं इतकं तापलं होतं की ही गोष्ट डोळ्यांना दिसूनही मनापर्यंत पोचली नाही.

"हे माझे वडील आहेत," ते म्हणाले.

कारकुनाने चष्म्यावरून पाहिलं. "वय?"

"अठ्ठ्याहत्तर."

"साहेब, लोक मुलांवर ढकलतात. वडिलांवर ढकलणारे तुम्ही पहिले. शिकलेले दिसता."

"अहो, खरंच सांगतोय!"

"बरं. मग वडिलांना हजर करा. ते तुमचे वडील आहेत याचा पुरावा आणा. आणि गाडी त्यांनी तुमच्या संमतीने नेली की संमतीशिवाय, ते लिहून द्या. संमतीने नेली असेल तर जबाबदारी तुमची. संमतीशिवाय नेली असेल तर ती चोरी झाली, मग वडिलांवर गुन्हा नोंदवू. काय लिहू?"

ग्रंथपालांनी खूप विचार केला. मनाच्या एका कोपऱ्यात दुसरा पर्याय क्षणभर चमकूनही गेला, पण त्यांनी तो दाबला. दंड भरला. वारंवार चूक करणाऱ्या चालकांसाठी दंडाबरोबर आणखी एक तरतूद होती, तीही त्यांच्या गळ्यात पडली. रस्ता-सौजन्य वर्ग, हजेरी सक्तीची.

वर्ग एका शाळेत भरत असे. बाकं लहान मुलांची, त्यामुळे सगळे अट्टल गुन्हेगार गुडघे छातीशी घेऊन बसलेले. ग्रंथपालांच्या एका बाजूला टॅक्सीवाला होता, दुसऱ्या बाजूला मोटारसायकलवरून शर्यती लावणारा एक तरुण. शिकवायला निवृत्त निरीक्षक. त्यांनी सर्वांना उभं करून छातीवर हात ठेवून 'माफ करा, चूक माझी' असं मोठ्याने म्हणायला लावलं. ग्रंथपाल नेहमीच्या सवयीने हळू आवाजात म्हणाले. "मागचा चष्मेवाला! अजून मनापासून!" निरीक्षक कडाडले. ज्या माणसाने दुसऱ्यांना आयुष्यभर 'हळू बोला' सांगितलं, त्याने तिथे बेंबीच्या देठापासून ओरडून माफी मागितली, आणि ती पण वडिलांच्या चुकीची.

यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण निरीक्षकांनी भिंतीवर चित्रं दाखवायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच चित्रात ग्रंथपालांची गाडी आली.

"हे नीट बघा," निरीक्षक चित्रातल्या दातांवर काठी टेकवत म्हणाले. "बाकीचे नियम मोडतात घाईत, वैतागात, फोनच्या नादात. हा बघा. हा मजेत मोडतोय! अशा माणसाला कायदा काय करणार? गाडी कुणाची आहे ही?"

ग्रंथपालांनी शाळेतल्या पोरासारखा हात वर केला. सगळा वर्ग वळून त्यांच्याकडे बघू लागला.

"हे तुम्ही?"

"नाही... म्हणजे घरातलेच आहेत."

"जरा हसून दाखवा बघू."

ग्रंथपालांनी नाइलाजाने दात दाखवले. दात बापाचेच होते. वर्गात कौतुकाची कुजबुज झाली. मोटारसायकलवाल्या तरुणाने सरकून त्यांना बाकावर जास्त जागा करून दिली. टॅक्सीवाला कानाशी येऊन अदबीने म्हणाला, "साहेब, तो पुलाखालचा चौक ना? तिथे एवढ्या वेगात वळता येतं? आम्हाला पण सांगा की."

ग्रंथपाल घरी पोचले ते बूट न काढता थेट अप्पांपुढे जाऊन उभे राहिले. एवढ्या वर्षांत वडिलांपुढे त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी चढला. "तुम्हाला काही वाटतं का अप्पा? गावात मुंगीला वाट देणारे तुम्ही, आणि इथे हे असं? लोक मला काय म्हणतात माहितीये? मला आज माफी मागायला लावली, ओरडून! उद्या कुणाला लागलं, तुम्हाला काही झालं, तर मी काय करायचं? किल्ली द्या."

अप्पांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मग जाऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसले.

ग्रंथपाल जिंकले होते. सोसायटीत बातमी पसरली आणि सेक्रेटरींनी हात मिळवून अभिनंदन केलं. आठवडा गेला. अप्पा खुर्चीतून उठेनात. जेवायला हाक मारली की येत, ताटात वाढलेलं संपवत, 'छान झालंय' म्हणत आणि परत जाऊन बसत. सकाळचं वर्तमानपत्र संध्याकाळी पण त्याच पानावर उघडं असे. बायको म्हणाली, "तुम्ही बरोबरच केलंत हो. पण मला ते बघवत नाही." ग्रंथपालांनाही बघवत नव्हतं, फक्त त्यांनी ते कबूल केलं नाही.

अशात गावाहून तरुण डॉक्टरचा फोन आला. दवाखान्याच्या जागेच्या कागदांवर अप्पांची सही हवी होती. ग्रंथपालांनी रजा टाकली आणि दोघे गाडीने निघाले. शहराची हद्द संपली, रस्ता मोकळा झाला, तसा ग्रंथपालांना पाझर फुटला. गावाच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. "अप्पा, इथून तुम्ही चालवा. हा तर तुमचाच रस्ता."

"नको. तूच चालव."

"रागावलात का अजून?"

"रागावलो नाही रे. इथे नको."

रुसलेत, असं मनाशी म्हणत ग्रंथपालांनी गाडी पुढे काढली. गावच्या ओढ्यावर अरुंद पूल आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. पलीकडून विटांनी भरलेला ट्रक पूल जवळजवळ ओलांडून आला होता. चालकाने गाडीकडे पाहिलं, काचेतून अप्पांना ओळखलं, आणि तो भरलेला ट्रक तसाच हळूहळू मागे घेत पूल रिकामा करून दिला. शेजारून जाताना त्याने टोपी काढून छातीशी धरली. पुढे बाजारात दोन स्कूटरवाले बोलत उभे होते, ते स्कूटर कडेला घेऊन खाली उतरले आणि माना झुकवून उभे राहिले. किराणावाल्याने आपली गाडी दुकानाच्या पायरीवर चढवून वाट दिली. कुठे हॉर्न नाही, कुठे गडबड नाही. रस्ता असा समोर उघडत गेला की ग्रंथपालांचा ऊर भरून आला. हेच, हेच तर ते इतकी वर्षं एकट्याने शहरात करू बघत होते!

एक बाई खिडकीशी वाकल्या. "डॉक्टरसाहेब, कसे आहात? जेवण जातं ना? फार वाईट झालं हो. रोज आठवण निघते वहिनींची."

"बरा आहे," अप्पा म्हणाले.

"काय बरे असणार! बिचारे." त्यांनी ग्रंथपालांकडे बघून डोळे टिपले. "जपा हो यांना."

पुढे न्हावी आला, त्याने पण हेच विचारलं. मग पोस्टमन. मग शाळेचे मास्तर, ते तर अप्पांचा हात हातात घेऊन नुसतेच उभे राहिले आणि मागे थांबलेल्या बसमधल्या कुणीही कुरकुर केली नाही. सही करून परत निघेपर्यंत अप्पा पार मलूल झाले होते. पुलाशी पुन्हा एक जीप त्यांना बघून थांबली, मागे गेली.

"बघा अप्पा," ग्रंथपाल गहिवरून म्हणाले, "याला म्हणतात माणुसकी. आणि हे सोडून तुम्ही तिकडे..."

"पूल झाला की बाजूला घे."

ग्रंथपालांनी गाडी बाजूला घेतली. अप्पा समोर बघत बोलू लागले.

"चांगलीच आहेत रे ही माणसं. त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ उचलणार नाही. पण तुझी आई गेल्यापासून इथे मला एकानेही हॉर्न दिलेला नाही. आधी पण देत नव्हते, पण तेव्हा निदान थांबवून दाताबद्दल भांडत तरी. डॉक्टर, तुम्ही बसवलेला दात हलतोय म्हणत. आता तेही नाही. गाडी दिसली की कडेला होतात आणि माना खाली घालतात. प्रेताला वाट देतात तशी. तू न्यायला येईपर्यंत छोट्या, रोज मी आपला चालायचो आणि हे वाट द्यायचे. दूध आणायला निघालो तरी मला आठवण करून देतात की ती गेली."

ग्रंथपालांनी गाडी बंद केली.

"मग तो टेम्पोवाला भेटला. त्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. माझी बायको गेलीय, मी म्हातारा झालोय, माझ्याशी जपून बोलायचं असतं, काही नाही. त्याच्या लेखी मी रस्त्यात तडमडलेला एक गडी. कसला ओरडला माझ्यावर! लिफ्टमध्ये मला वाटलं, अरे, मी अजून आहे की. मला कुणीतरी शिव्या देऊ शकतं." अप्पांनी नाक पुसलं. "लाल दिवा मोडला ते चुकलंच. पोरंबाळं असतात रस्त्यावर. ते व्हायला नको होतं. पण रोज सकाळी कुणीतरी माझ्यावर वैतागायचं ना, त्यावर माझा दिवस निघायचा."

अप्पा शहरात आल्यापासून घरात त्यांच्याशी कुजबुजत बोलायचं, टीव्हीचा आवाज कमी ठेवायचा, सुनेने ताट जागेवर नेऊन द्यायचं, हे सगळे नियम ग्रंथपालांनीच तर घातले होते. त्यांनी घराचं वाचनालय करून टाकलं होतं. शहराच्या हद्दीपाशी त्यांनी किल्ली काढून अप्पांच्या हातात दिली आणि म्हणाले, "लाल दिवा पाळायचा."

"पाळीन."

"डावीकडून घालायची नाही."

अप्पांनी जरा जड मनाने तेही कबूल केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल स्कूटर घेऊन कॉलेजला निघाले, तर सोसायटीच्या फाटकात अप्पांची गाडी उभी. बाहेरचा रस्ता सकाळचा तुडुंब वाहत होता. अप्पा दिलेला शब्द पाळत होते. उजवीकडून येणाऱ्याला वाट देत होते, डावीकडून येणाऱ्याला देत होते, आणि मागून बघितलं तर खांदे खिडकीजवळच्या खुर्चीत पडायचे तसेच पडलेले. ग्रंथपालांच्या मागे सोसायटीतच राहणाऱ्या एका प्राध्यापकांची गाडी येऊन थांबली, तिच्या मागे आणखी दोन. सेक्रेटरी दुधाची पिशवी घेऊन फाटकाशी उभे होते. त्यांनी सगळ्यांना हाताने 'थांबा, थांबा' अशी खूण केली आणि हळूच म्हणाले, "असू द्या. बिचारे म्हातारे आहेत."

अप्पांच्या गाडीची काच खाली होती. ते ऐकू गेलंच असणार.

ग्रंथपालांनी एकदा आजूबाजूला पाहिलं. मग अंगठा हॉर्नवर ठेवला आणि आयुष्यात पहिल्यांदा तो शेवटपर्यंत दाबला. दाबलेला सोडलाच नाही. वरच्या खिडक्या उघडल्या. वाचनालयात कुजबुजत गेलेली सगळी वर्षं एका श्वासात गोळा करून ते ओरडले, "ए! गाडी काढतोस की नाही? झोपलास का तिथे? तुझ्यामुळे सगळ्यांनी ताटकळायचं का?"

सेक्रेटरींच्या हातातली पिशवी खाली पडली. बाल्कनीत ग्रंथपालांच्या बायकोने तोंडावर हात धरला. चार माणसांत मुलगा बापाला अरे-तुरे करतोय, असं त्या सोसायटीत कुणी पाहिलेलं नव्हतं.

गाडीच्या खिडकीतून अप्पांचं डोकं बाहेर आलं. त्यांनी मागे वळून पाहिलं, ओळखलं, आणि त्यांचे दात दिसले, वरचे आणि खालचे.

"एवढी घाई आहे तर उडून जा की!" ते मोठ्याने म्हणाले. मग त्यांनी उजवीकडे बघितलं, दिवा लावून वळणार असल्याची खूण केली, आणि एका बसच्या पुढ्यात पुरेशी जागा आहे हे बघून गाडी बरोबर रस्त्यात घातली. बसवाल्याने त्यांच्यावर हॉर्न मारला. ग्रंथपाल स्कूटरवर बसून डोळे पुसत होते, आणि मागच्या गाडीतले प्राध्यापक आता त्यांच्यावर हॉर्न मारू लागले होते.